उमापूरची ओतशाळा

शहादेवच्या गुऱ्हाळावर चरकाची लाट, म्हणजे ऊस पिळणारा लोखंडी रूळ, फुटली तेव्हा दिवस कासराभर वर आला होता. आधी कर्र असा आवाज झाला, बैल पुढे धडपडले आणि मधली लाट उभी चिरली. काहिलीखाली जाळ लागलेला, तोडलेला ऊस फडाच्या कडेला पडलेला. दुसरी लाट मिळेपर्यंत तो सगळा वाळणार होता. शहादेवनं बैल सोडले, खाली बसून फुटक्या लोखंडात बोट घातलं, तर आत बोट मावेल एवढं भोक. बाजूला आणखी तीन-चार. वरून गुळगुळीत आणि आतून किडक्या दातासारखं लोखंड होतं ते.

त्या सुगीत फुटलेली ही तिसरी लाट. प्रत्येक लाटेच्या टोकाला ती घडवणाऱ्याची खूण असायची. ओतशाळेतला धर्मराज उस्ताद साच्यात तीन टिंबं दाबायचा आणि त्याचा शिष्य आसाराम ज्वारीचं कणीस. फुटलेल्या तिन्ही लाटांवर कणीस होतं.

शहादेवनं तुकडे गाडीत घातले आणि उमापूरच्या ओतशाळेच्या दारात आणून टाकले. तो आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हता. वाळू चाळणाऱ्या बायांचे हात थांबले, भट्टीचा कोळसा, कोक, फोडणारे गडी उभे राहिले, तेवढ्यात त्यानं आसारामला विचारलं, "माझं काई चुकलं आसल तर सांग. आमचा ऊस तुला कावून बघवंना?"  मातीनं भरलेले हात तसेच धरून आसाराम तुकड्यांकडे बघत राहिला.

मानमोडीची साथ सरली त्याच्या दुसऱ्या वर्षी सुंदररावांनी ही ओतशाळा काढली. सुंदरराव म्हणजे गावचे मोठे जमीनदार. जालन्याला आगगाडीनं उतरलेले लोखंडी चरक त्यांनी पाहिले आणि असले चरक उमापुरातच का होऊ नयेत, हे त्यांच्या डोक्यात बसलं. पहिलं वर्षभर कुणी चरक घेतला नाही. आमच्या गावाला शंका घ्यायला कारण लागत नाही, कारण मागाहून सापडतं. सुंदरराव लोखंडात राख मिसळतात, असं कुणी म्हणालं. भट्टीला माणूस द्यावा लागतो, असंही म्हणून झालं. मग एका गुऱ्हाळावर चरक चालला, गूळ बरा निघाला, आणि दुसऱ्या वर्षी गेवराईपासून लोक बैलगाड्या घेऊन दारात बसले. जालन्याहून कोक यायचा, गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, वाळू यायची. पन्नासेक माणसं कामाला लागली. ज्यांची शेतं पावसावर टांगलेली होती त्यांच्या घरात उन्हाळ्यातही चूल पेटू लागली. गावाला तोरा आला. उमापूरचा चरक म्हटलं की पैठणचा माणूससुद्धा मान हलवायचा.

हे सगळं धर्मराजच्या हातावर उभं होतं. तो जालन्याचा, एकटा, पन्नाशीकडे झुकलेला. सुंदररावांनीच त्याला आणला. ओतशाळेच्याच एका कोपऱ्यात तो झोपायचा. बोलायचा थोडं, पण वाळू मुठीत दाबून ती साच्याला चालेल की नाही हे सांगायचा आणि ते कधी चुकायचं नाही. आसाराम आला होता कोकाच्या पाट्या वाहायला. धर्मराजनं त्याला एकदा पडलेला साचा सावरताना बघितलं आणि पाटी काढून घेतली. दोन वर्षं शेजारी बसवून शिकवलं. पूर्वेच्या भिंतीलगत उस्तादाचे साचे, पश्चिमेच्या भिंतीलगत आसारामचे, अशी वाटणी झाली. आसारामच्या बायकोच्या हातची भाकर उस्ताद रोज खायचा.

त्या दिवशी शहादेव गेल्यावर आसारामनं एक तुकडा उचलून धर्मराजपुढे धरला. धर्मराजनं तो उन्हात नेला, फिरवून फिरवून पाहिला, भोकाच्या आतली कड नखानं खरवडली. त्याला वेळ लागला. मग तो म्हणाला, "वारा आडकला. पंख्याचा दोष हाय."

एवढं बोलून त्यानं आसारामकडे असं पाहिलं की आसारामला आपण काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. भट्टीला वारा घालणारा पंखा एकच होता. भट्टी एक, लोखंड एक, कोक एक. दोष पंख्याचा असता तर तीन टिंबांच्या लाटाही फुटल्या असत्या. उस्तादाला हे कळत नाही असं होणारच नाही. म्हणजे उस्ताद खोटं बोलला. का बोलला, हा विचार आसारामच्या मनात शिरला आणि तिथून पुढे त्याला भाकर गोड लागेना.

भट्टी आठ दिवसांतून एकदा पेटायची. आठ दिवस साचे करायचे, वाळवायचे आणि ओतणीच्या दिवशी पहाटेपासून भट्टीत एक थर कोकाचा, एक थर फोडलेल्या लोखंडाचा, असं भरायचं. पंखा फिरवणारे गडी घामानं निथळायचे. दुपारी भट्टीचं मातीचं बूच फोडलं की लोखंड वाहायला लागायचं, आणि दोन दांड्यांच्या भांड्यात ते घेऊन दोघं दोघं साच्यांकडे पळायचे. साचा कोरडाठाक हवा, हे धर्मराजनं आसारामला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून आसाराम आपले साचे रात्रभर शेकायचा. ओतणीच्या दिवशी सकाळी मात्र भट्टी भरायच्या गडबडीत साच्यांकडे कुणाचं लक्ष नसायचं. उस्ताद अंघोळ केल्याशिवाय भट्टीला हात लावत नसे, तोवर साच्यांपाशी तो एकटाच असायचा. तो आडावर गेला की भिंतीपाशी कुणीच नसायचं.

आसारामनं आता उस्तादावर नजर ठेवायला सुरुवात केली. उस्ताद पश्चिमेच्या भिंतीकडून गेला की तो कुठं थांबला, कुठं वाकला, हे बघायचं. गंमत म्हणजे उस्तादही त्याच्यावर नजर ठेवून होता. आसाराम साच्यावर वाकला की तो हातातलं काम सोडून बघायचा. पूर्वी दोघं एका ताटलीत खायचे. आता एकाचं जेवण झाल्यावर दुसरा बसायचा. हे बाकीच्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांचेही दोन तट पडले. पंखेवाल्यांना वाटायचं, उस्ताद परक्या गावचा, तो इथल्या माणसाला वर येऊ देईल का? चाळणीवरच्या छबुबाईला वाटायचं, शिष्याच्याच पोटात पाय आहेत.

घरी आसारामनं केसरबाईला सांगितलं, उद्यापासून त्याला भाकर द्यायची नाही. केसरबाई, म्हणजे त्याची बायको, ओतशाळेत वाळू चाळायला जायची. ती चिडली. उस्तादानं काय केलं, असं तिनं विचारलं. आसाराम म्हणाला, माझ्या लाटा तो नासवतो.  ती हळूच म्हणाली, त्यांच्या हातून असं व्हायचं नाही, तुमचा पाय जळला तेव्हा त्यांनीच महिनाभर लेप लावला होता. ते खरं होतं. मागच्या सालच्या शेवटच्या ओतणीला उकळत्या लोखंडाचा थेंब आसारामच्या नडगीवर उडाला होता आणि हाडापर्यंत गेला होता. केसरबाई तेव्हा नारायणगडाला अनवाणी जाऊन नवस बोलून आली होती. पण शंकेला असं काही आठवून चालत नाही. आसाराम म्हणाला, लेप लावला तो भाकरीपायी.

चौथी लाट फुटली ती सुंदररावांच्या स्वतःच्या गुऱ्हाळावर.

सुंदररावांनी सगळ्यांना ओतशाळेत उभं केलं. ते खुर्चीवर बसले, धर्मराज समोर, आसाराम बाजूला. त्यांनी आसारामला विचारलं, "लाट तुझी. तू नासवलीस का दुसऱ्या कोनी?" आसारामपुढे दोनच रस्ते होते. मीच नासवली म्हणावं, तर पुन्हा कोकाच्या पाट्या, नाहीतर डोंगरउतारावरचं घरचं कोरडं रान. दुसरा रस्ता धरून तो म्हणाला, ओतणीच्या सकाळी साच्यांपाशी एकटा उस्ताद असतो. त्यानं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आपण जे सांगितलं त्याचं काय होणार आहे हेही त्याला चांगलं ठाऊक होतं.

मग सुंदररावांनी धर्मराजला विचारलं.  तो म्हणाला, "मला जे मालूम हाय ते मी बोलनार न्हाई. तुमी तुमच्या मान्साला विचारा." सुंदररावांना हे लागलं. त्यांच्या पदरच्या गड्यांनी धर्मराजचे दोन्ही हात लोखंडाच्या ढिगावर दाबून धरले. साचा ठोकायचं लाकडी धुम्मस सुंदररावांनी आसारामच्या हातात दिलं. लाट तुझी होती, तूच मार, असं ते म्हणाले.

आसारामनं एकदाच मारलं. उजव्या हाताची बोटं होती.  चाळणीवरून केसरबाई उठली आणि बाहेर निघून गेली. तिला मार बघवला नाही असं सगळ्यांना वाटलं, आणि ते चूक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोक उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीत बसून धर्मराज जालन्याला गेला. हात फडक्यात बांधलेला होता. जाताना त्यानं साच्यांच्या पेट्यांकडे एकदा पाहिलं, माणसांकडे पाहिलं नाही.

आता आसारामच उस्ताद झाला. दोन्ही भिंतींचे साचे त्याचे. त्यानं पहिल्या ओतणीला जीव ओतला. वाळू स्वतः चाळून घेतली, साचे तीन रात्री शेकले, भट्टीच्या दाराशी नारळ फोडला. दुपारी बूच फुटलं. धोंडीराम आणि सिदू, दोघं भांडं घेऊन पहिल्या साच्याकडे आले आणि लोखंड साच्याच्या तोंडात पडलं. पडलं आणि उलट वर आलं. साचा गुरगुरला आणि आतून लोखंडाचं कारंजं उडालं. सिदू बाजूला पडला म्हणून वाचला. धोंडीरामच्या दोन्ही मांड्यांवर ते पडलं. त्याचं धोतर पेटलं, त्याच्यावर वाळू टाकून टाकून लोकांनी ते विझवलं. त्याच्या बायकोला घरी बोलवायला गेले तेव्हा ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती.

संध्याकाळी आसाराम घरी आला, तो ओसरीवरच बसला. केसरबाई आत भिंतीला टेकून रडत होती. धोंडीरामसाठी रडते असं समजून तो काही बोलला नाही. मग ती आपणहून बोलू लागली. "मी तर आज जास्तच घातलतं वो. एकेका तोंडात दोन दोन चुळके घातले. पूर्वेच्या भिंतीला पन घातलं. तरी ती आग शांत न्हाई झाली."

आसारामला आधी कळलंच नाही. काय घातलं, असं त्यानं विचारलं.

"गंगेचं पानी," ती म्हणाली.

त्याचा पाय जळल्यापासून ती हे करत होती. वाळूच्या गाड्या गंगेवर जायच्या, त्यांच्याबरोबर लोटी द्यायची, भरून आणवायची. ओतणीच्या सकाळी उस्ताद आडावर गेला की आसारामच्या साच्यांच्या तोंडात थोडं थोडं घालायची. होळी पेटली की बाया तिच्याभोवती पाण्याची धार धरतात. का, तर ती शांत व्हावी, लेकराबाळांना पोळू नये म्हणून. इतकी मोठी आग आठ दिवसाला पेटते आणि तिला कुणी पाणी दाखवत नाही, हे तिला कसंतरी वाटायचं. आग तोंडातून आत शिरते, म्हणून पाणीही तोंडातच घालायचं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण नवसातलं नवऱ्याला सांगत नसतात. धर्मराजला मारलं त्या दिवशी तिला वाटलं होतं की त्या सकाळी साच्यांपाशी आपणही जातो हे सांगावं. पण लाट फुटण्याचा आणि पाण्याचा संबंध तिच्या डोक्यातच आला नव्हता. पाण्यानं कधी काही नासतं का? लाट फुटते ती कुणाच्या तरी खोटेपणानं, एवढंच तिला ठाऊक होतं. नवऱ्यानंच तिला तसं सांगितलं होतं.

आसारामनं हात उगारला. ती मागं सरली नाही, नुसती बघत राहिली. त्यानं हात खाली घेतला आणि त्याच हाताकडे बघत बसला. त्याला रडू आलं. साच्यातल्या पाण्याची वाफ होऊन लोखंड नासतं हे गावात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याची बोटं फोडली होती.

तीन दिवस तो गप्प राहिला. बायकोचं नाव घेतलं तर गाव तिला जगू देणार नाही, हे त्याला कळत होतं. धोंडीराम अजून कण्हत होता. पण तेवढ्यात गावाला नवं कारण सापडलं. जाताना धर्मराजनं पेट्यांकडे पाहिलं होतं, म्हणजे त्यानं करणी करून ठेवली, हे कुणीतरी बोललं आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांनी स्वतः पाहिल्यासारखं झालं. करणी भट्टीच्या पायात पुरली असणार. सुंदरराव एरवी शहाणे. पण गेवराईचे लोक आगाऊ दिलेले पैसे मागायला लागले होते आणि त्यांनाही कुणाचातरी दोष हवा होता. त्यांनी भट्टीचा पाया खणायला सांगितलं.

पहारी घेऊन गडी भट्टीभोवती जमले तेव्हा आसाराम मधे जाऊन उभा राहिला. ही भट्टी धर्मराजनं एकेक वीट भाजून, आतून मातीचं लिंपण देऊन उभी केली होती. पुन्हा तशी बांधणारा तालुक्यात कुणी नव्हता. आसारामनं सगळं सांगितलं. पाणी, लोटी, नवस, बायकोचं नावसुद्धा. उस्तादाचा काही गुन्हा नाही, असं तो म्हणाला. केसरबाई मागं उभी होती. तिनं मान हलवली, मी केलं म्हणाली.

सुंदररावांनी ऐकून घेतलं. "आसाराम," ते म्हणाले, "चार थेंब पान्यानं लोखंड फुटतं, हे तू मला सांगतोस? मंग पावसात माझ्या गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावा कावून फुटत न्हाईत?" लोक हसले. पंखेवाला म्हणाला, उस्तादानं याला जालन्याला जागा देतो म्हणून कबूल केलं असणार. छबुबाई पुटपुटली, बायकोला पुढं करून स्वतःचं झाकतो. प्रत्येकाजवळ एकेक कारण होतं आणि कुणाच्याच कारणात चार थेंब पाणी बसत नव्हतं. आसारामला बाजूला ढकलून त्यांनी पहारी घातल्या.

करणी सापडली नाही. कोकाचा चुरा सापडला, एक मेलेली घूस सापडली. पाया खिळखिळा झाला आणि तिसऱ्या प्रहरी भट्टी एका बाजूला कलली, मग बसली.  त्या उन्हाळ्यात पुण्याकडचे चरक जालन्याला उतरले आणि तिथून गाड्यांनी आमच्याकडे आले. पंखेवाले जालन्याच्या सरकी काढायच्या कारखान्यात गेले, वाळू चाळणाऱ्या बाया खुरपायला गेल्या. धोंडीराम काठीवर चालायला लागला. सुंदररावांनी ओतशाळेत कडबा भरला.

आसाराम पुढच्या कार्तिकात जालन्याला गेला. केसरबाईला घेऊनच गेला, कारण तिनंच हट्ट धरला होता. आपल्या तोंडानं सांगून उस्तादाच्या पाया पडल्याशिवाय तिला झोप येत नव्हती. धर्मराज त्याच सरकीच्या कारखान्यात सापडला. त्याला आता साचे जमत नव्हते. उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती, म्हणून तो दारावर गाड्या मोजायला बसला होता. बायांना आत सोडत नव्हते. केसरबाई बाहेर लिंबाखाली थांबली आणि आसाराम एकटा आत गेला.

त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. धर्मराज खाली मान घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "साच्याला पानी लागलंय, हे मला पयल्याच तुकड्यात कळलतं."

मग बोलला का नाहीस, असं आसारामनं विचारलं.

"तुझ्याच साच्यात पानी. तुझे साचे तूच शेकायचास. दुसरं कोन घालनार? मला वाटलं, चार लाटा फोडून माझ्यावर घालायच्यात तुला, माझी जागा पायजे तुला. म्हनून वारा म्हनालो. तू कवा घालतोस ते मी बघत हुतो. सापडला असतास तर सगळ्यांपुढं धरलं असतं."

"मी न्हाई घातलं, उस्ताद. केसरनं घातलं. ती बाहेर हुबी हाय, तिला विचार."

धर्मराजनं वर पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर आसारामला बरं वाटलं असतं. "जागा घेतलीस," तो म्हणाला, "बोटं घेतलीस. आता माफी पन पायजे, तर सोताच्या नावानं माग. तिनं मला दोन वर्सं भाकर घातली. तिच्या अंगावर कावून ढकलतोस?"

दारात गाडी आली. तो उठला आणि गाडी बघायला गेला. आसाराम थोडा वेळ थांबला. परत बोलावं असं त्याला वाटलं, पण बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं आणि जे बोललं ते सगळं खरं होतं.

लिंबाखाली केसरबाई पदर सावरून उभीच होती. उस्ताद बाहेर येतायत का, म्हणून ती त्याच्या मागं बघत होती. काय म्हणाले, असं तिनं विचारलं.

"काम लई हाय त्याला. येता येत न्हाई म्हनला," आसाराम म्हणाला. "माफ केलं म्हनला. तुझी भाकर आठवती म्हनला."

तिनं दाराच्या दिशेनं दोन्ही हात जोडले आणि डोळे पुसले. त्याच्या तोंडाकडे तिनं एकदाही निरखून पाहिलं नाही. मग वाटेनं ती हलकी होऊन त्याच्या पुढं पुढं चालत राहिली, आणि तो मागून तिचं बोलणं ऐकत गेला.